एका बाकावर एक डबी, दोन मतं: नववीच्या विज्ञानवर्गातल्या रिमोटच्या प्रकल्प नोंदी

कोल्हापूर. इयत्ता नववी, सेमी-इंग्रजीची तुकडी, ५६ मुलं, २८ बाक, ३५ मिनिटांचा तास. प्रत्येक मुलानं आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. यासाठी लागणारं साधन, म्हणजे बटण दाबून आपलं उत्तर शिक्षकाकडे पाठवायचा रिमोट, आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत बनवलं. दुसऱ्या शाळेत कुणी हेच करायला घेतलं तर त्यांचे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१८ जून

साधन काहीच नसताना काय होतं ते आधी बघितलं. 'गतीचे नियम' या धड्यावर एक प्रश्न, चार पर्याय, हात वर करून मत. पर्याय 'अ'ला पहिल्या बाकावरची दोन हुशार मुलं हात वर करतात आणि तीन सेकंदांत मागचे वीस हात वर जातात. आकडा मिळतो, पण तो वर्गाचा नसतो, त्या दोन मुलांचा असतो. डोळे मिटून हात वर करायला सांगितलं तर अर्धी मुलं बोटांच्या फटीतून बघतात. मोजायलाही वेळ लागतो आणि दोनदा मोजलं तर दोन वेगळे आकडे येतात.

२० जून

कागदी पत्त्यांपासून सुरुवात केली. प्रत्येक मुलाला चौकोनी काळ्या-पांढऱ्या कोडची एक पत्ती द्यायची. पत्तीच्या चार कडांवर बारीक अ, ब, क, ड. जे उत्तर द्यायचं ती कड वर धरायची. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि ॲप मतं मोजतं. प्रत्येक पत्तीचा नमुना वेगळा असल्यामुळे लांबून बघून कुणाचं उत्तर ओळखता येत नाही. अशा पत्त्यांचा नेहमीचा संच ४० चा असतो. आम्हाला ६३ चा छापावा लागला. छपाईला फारसा खर्च नाही.

२४ जून

चूक: पत्त्या टिकाव्यात म्हणून चकचकीत लॅमिनेशन केलं. आमच्या वर्गाच्या डाव्या भिंतीला चार खिडक्या आहेत. त्या बाजूच्या १४ पत्त्यांवर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला पांढरा डाग दिसतो. लॅमिनेशनचे पैसे गेले. पत्त्या पुन्हा जाड कार्डशीटवर छापल्या, वरून काही लावलं नाही.

दुसरी अडचण बोटांची. मुलं पत्ती मधून धरतात आणि कोड झाकला जातो. कडेला अंगठ्यापुरती जागा आखून 'इथे धरा' असं लिहिल्यावर वाचन सुधारलं. तरीही शेवटच्या दोन बाकांपर्यंत पोहोचायला शिक्षकाला पुढे जावं लागतं. ५५ पत्त्या वाचायला सव्वादोन ते तीन मिनिटं, आणि एका प्रश्नाला दोनदा वाचायच्या. ३५ मिनिटांच्या तासात हे परवडत नाही. शिवाय त्या वेळात शिक्षक कॅमेरा फिरवत असतो, मुलांचं बोलणं ऐकत नसतो.

२६ जून

शाहू जयंतीचा कार्यक्रम साडेअकराला संपला. दुपारी प्रयोगशाळेत बसून रिमोटचा आराखडा ठरवला.

रेडिओ (बिनतारी संदेश पाठवणारा छोटा भाग): एनआरएफ२४एल०१ प्लस. मेंदू, म्हणजे कंट्रोलर: आर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झवाला. ५ व्होल्टवाला घेऊ नका, या रेडिओला ३.६ च्या वर व्होल्टेज चालत नाही. वीज: दोन एए सेल. नाण्यासारखा सीआर२०३२ सेल आकर्षक दिसतो, पण रेडिओ प्रक्षेपण करताना दहा-बारा मिलिअँपिअर ओढतो, कंट्रोलरचा वापर वेगळा. त्या सेलचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे व्होल्टेज खाली बसतं.

खर्च निम्मा व्हावा म्हणून एका बाकावर एक रिमोट, चार बटणं, असं ठरवलं. हा निर्णय चुकला. कसा, ते ९ जुलैच्या नोंदीत.

१ जुलै

पत्त्यांवरच तास घेतला. प्रश्न: खासबागेत दोन पैलवान भिडलेत. लाल लंगोटवाला निळ्याला मागे रेटत नेतोय. या क्षणी कुणाचं दुसऱ्यावरचं बल जास्त? अ) लालचं, ब) निळ्याचं, क) दोघांचं सारखं, ड) रेटण्याचा वेग वाढत असेल तरच लालचं.

पहिलं मत: अ २७, ब २, क १८, ड ८. बरोबर उत्तर 'क'. म्हणजे ५५ पैकी १८, साधारण ३३ टक्के. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही 'मत, चर्चा, पुन्हा मत' पद्धत रूढ केली. तिचा साधा नियम असा: बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर चर्चा करावी, ३० च्या खाली असतील तर पुन्हा शिकवावं, ७० च्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावं. आमचा आकडा नियमात बसत होता, म्हणून चर्चा घेतली.

पण त्याआधी प्रोजेक्टरवर स्तंभालेख दाखवला. चर्चेनंतरचं मत: अ ३६, ब १, क १४, ड ४. बरोबर उत्तरं कमी झाली!

कारण मुलांच्या तोंडूनच कळलं. फिरताना ऐकू आलं: "सगळ्यात उंच पट्टी अ ची हाय, मग तेच असणार की." स्तंभालेख दिसल्याबरोबर वाद संपला होता. 'क' देणाऱ्या मुलांनी आपलं कारण सांगितलंच नाही. आपण थोडक्या लोकांत आहोत हे त्यांना भिंतीवर दिसत होतं.

२ जुलै

तोच मुद्दा, दुसरं चित्र. ऊस भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर वेग वाढवतोय. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो ते बल जास्त, की ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते ते? या वेळी प्रोजेक्टरची केबल काढून ठेवली. आकडा फक्त शिक्षकाच्या फोनवर.

पहिलं मत: ५४ पैकी २० बरोबर. अडीच मिनिटं चर्चा. दुसरं मत: ४१ बरोबर.

एका बाकावर ऐकलेलं, जसंच्या तसं: "ट्रॉली पुढं चालल्या म्हणजे ट्रॅक्टरचा जोर जास्त की." "आरं, ट्रॉलीला पुढं ओढतंय ट्रॅक्टर आणि मागं धरतोय रस्ता. तू ट्रॅक्टरलाच दोन्हीकडं मोजालायस." हे आम्ही फळ्यावर तीन वेळा सांगितलं होतं. त्या मुलानं ते एका वाक्यात, ट्रॉलीच्या चाकाकडे बोट दाखवावं तसं सांगितलं. त्यानंतर कालचा पैलवानांचा प्रश्न पुन्हा काढला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला: "आखाड्यात तेल ओतलं तर लाल कसा रेटंल?" जमिनीचं घर्षण वर्गात आपोआप आलं.

पक्का नियम केला: दुसरं मत पडेपर्यंत आकडा कुणालाही दाखवायचा नाही. 'बऱ्याच जणांना कळलंय' असं सुद्धा म्हणायचं नाही.

५ जुलै

सुटे भाग कुरिअरनं आले. पहिला रिमोट जोडायला तीन तास लागले आणि चालला नाही. लॅपटॉपवरून प्रोग्राम भरायच्या यूएसबी-टीटीएल जोडणीवर ३.३ आणि ५ व्होल्ट निवडायचा एक जंपर (काढता-घालता येणारी छोटी टोपी) असतो. तो ५ वर होता. प्रोग्राम भरताना तेच ५ व्होल्ट थेट रेडिओला गेले. दोन रेडिओ जळाले, कारण पहिला खराब असावा असं समजून दुसरा लावला. आता तो जंपर ३.३ वर ठेवून त्यावर सोल्डरचा थेंब टाकला आहे.

प्रत्येक रेडिओच्या व्हीसीसी (वीज येणारी पिन) आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पिनांच्या अगदी जवळ. तो नसताना टेबलावर सगळं चालतं आणि वर्गात मधूनमधून पॅकेट (रेडिओनं पाठवलेले संदेश) गळतात.

९ जुलै

चार रिमोट तयार झाले. पहिल्या चार बाकांवर दिले, बाकीच्यांना पत्त्या. रिमोटवाल्या बाकांवर पहिल्या मताच्या वेळीच कुजबुज सुरू. बटणं एकाच संचाची, म्हणून दोघांना आधी एकमत करावं लागतं. त्यात जो मोठ्यानं बोलतो त्याचं बटण दाबलं जातं. एका बाकावर तर रिमोट पूर्ण वेळ एकाच्याच हातात होता, दुसरा मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

या पद्धतीत पहिलं मत एकट्याचं आणि झाकलेलं असायलाच हवं. स्वतःचं काहीतरी उत्तर ठरलं असेल तरच शेजाऱ्याशी भांडायला कारण असतं. पैसे वाचवायच्या नादात आम्ही नेमकं तेच गमावलं होतं.

पण ५६ रिमोट परवडणारे नव्हते. उपाय असा निघाला: डबी एकच, रेडिओ एकच, पण बटणं आठ. डावीकडे चार, उजवीकडे चार. मधे सनबोर्डची ९ सेंटिमीटर उंच पट्टी उभी चिकटवायची, म्हणजे शेजाऱ्याचा अंगठा दिसत नाही. प्रो मिनीला पिना भरपूर आहेत. डावी बटणं ए० ते ए३, उजवी डी४ ते डी७. अशा जोडणीत प्रत्येक बाजू पिन-चेंज इंटरप्टच्या (बटण दाबताच कंट्रोलरला उठवणारी सोय) एकाच गटात बसते आणि झोपेतून जागं करण्याचा कोड सोपा होतो. रेडिओची सीई पिन डी९ ला, सीएसएन पिन डी१० ला. डी२ आणि डी३ वर एकेक हिरवा एलईडी, प्रत्येक बाजूचा वेगळा.

१२ जुलै

डबी म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा चार बाय चार इंचांचा पीव्हीसी बॉक्स. २८ झाकणांवर प्रत्येकी आठ भोकं, म्हणजे २२४. हातानं खूण करून पाडली तर बटणं वाकडी बसतात. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून ३ मिलिमीटर पत्र्याची जिग (भोकांच्या जागा ठरवणारा साचा) करून घेतली होती. ती चार भोकांची होती, आता वाया गेली. आठ भोकांची नवीन करून घेतली, पुन्हा ३५० रुपये. म्हणून जिग करायच्या आधी कागदाची डबी करून वर्गात एक तास वापरून बघा.

१२ मिलिमीटरचं साधं ड्रिल बिट पातळ पीव्हीसीला खेचतं आणि झाकण तडकतं. तीन झाकणं गेली. स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणारं) वापरल्यावर एकही तडकलं नाही.

१९ जुलै

सोल्डरिंग. सरावानंतर एका डबीला ५० मिनिटं. दोन गोष्टी विसरू नका. प्रो मिनीवरचा लाल पॉवर एलईडी काढून टाका, तो नुसता जळत राहतो. तो असताना झोपेतही एक ते दोन मिलिअँपिअर जात होते, म्हणजे सेल दोन-तीन महिन्यांत संपले असते. आणि बटणांना बाहेरून रोधक लावू नका, कंट्रोलरच्या आतलाच पुल-अप रोधक पुरतो. आम्ही पहिल्या सहा डब्यांना विनाकारण ४८ रोधक लावले.

२४ जुलै

बाहेर संततधार. नदीपलीकडच्या गावांतली अकरा मुलं आली नाहीत. रिकाम्या बाकांवर डब्या मांडून चाचणी घेतली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली चूक हीच. मुलांनी एकाच वेळी बटण दाबायचं, पॅकेट पोहोचलं की हिरवा दिवा. २८ डब्यांच्या एकेका बाजूला, असे २८ हिरवे दिवे लागले. लॅपटॉपवर मात्र २५ मतं. तीन मुलांना 'पोहोचलं' असं सांगितलं गेलं आणि पोहोचलं नव्हतं. पुन्हा घेतलं: २८ दिवे, २६ मतं. दर वेळी वेगळ्या डब्या.

२६ जुलै

कारण सापडलं. या रेडिओत पोच देण्याची सोय चिपमध्येच असते. पण आमच्या सगळ्या डब्या एकाच रेडिओ-पत्त्यावर (ॲड्रेसवर) पाठवत होत्या, आणि पोचही त्याच पत्त्यावर येते. तिच्यात डबीचा क्रमांक नसतो. दोन डब्यांनी एकदम पाठवलं, एकीचं पोहोचलं, तर पोच दुसरीही ऐकते आणि आपलंच पोहोचलं समजून गप्प बसते. दोन-तीन डब्यांवर हे कधी दिसत नाही, २८ वर लगेच दिसतं. रेडिओ स्वीकारताना सहा पाइप, म्हणजे सहा वेगळे पत्ते, वापरू शकतो, पण २८ डब्यांना वेगळे पत्ते द्यायला ते पुरत नाहीत.

दुरुस्ती: चिपची आपोआप पोच बंद केली. डबी सहा बाइट पाठवते: डबी क्रमांक, बाजू, उत्तर, अनुक्रमांक, आणि दोन बाइटांत सेलचं व्होल्टेज. शिक्षकाच्या टेबलावरचा रिसीव्हर डबी क्रमांक आणि अनुक्रमांक घालून उत्तर देतो. स्वतःचा क्रमांक ऐकल्याशिवाय डबी दिवा लावत नाही. १० मिलिसेकंदांत उत्तर नाही आलं तर १० ते ८० मिलिसेकंदांमधला कुठलाही काळ थांबून पुन्हा, जास्तीत जास्त वीस वेळा. थांबण्याचा काळ यादृच्छिक हवा. सगळ्यांना सारखा दिला तर जे एकदा धडकले ते पुन्हा धडकतात. यादृच्छिक आकड्याचं बीज म्हणून डबी क्रमांक वापरा, नाहीतर सगळ्या डब्यांना एकसारखेच 'यादृच्छिक' आकडे मिळतात.

पॅकेटची लांबीही बघा. रेडिओसाठीची तयार कोडची लायब्ररी न सांगता ३२ बाइट पाठवते. २५० केबीपीएस (सेकंदाला २५० किलोबिट) वेगाला त्याला सव्वा मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. सहा बाइट ठरवून दिले की अर्धा मिलिसेकंद. हवेत जितका कमी वेळ, तितक्या टकरी कमी.

चॅनेलबद्दल: वाय-फायपासून लांब जायचं म्हणून १०० किंवा १०८ वर जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. चॅनेल १०८ म्हणजे २५०८ मेगाहर्ट्झ, आणि परवान्याशिवाय वापरायचा पट्टा २४८३.५ ला संपतो. आम्ही ८० वर, म्हणजे २४८० वर आहोत. वर्गाच्या अंतराला ते पुरतं.

तीन रेडिओ २५० केबीपीएसवर चाललेच नाहीत. वरून सारखे दिसले तरी आतली चिप जुनी असावी. वेग ठरवणारं फंक्शन खरं-खोटं परत देतं, ते प्रत्येक रेडिओवर आधी तपासा. जळालेले दोन आणि हे तीन, म्हणून सहा जास्तीचे मागवले.

संध्याकाळी पुन्हा चाचणी. दोन्ही बाजू मिळून ५६ बटणं एकदम, दहा वेळा. दहाही वेळा ५६.

३० जुलै

पहिला पूर्ण तास रिमोटवर. मत पडायला २० सेकंद. पण वाटायला सात मिनिटं गेली आणि गोळा करायला चार. आता रांगेप्रमाणे चार खोके केलेत, प्रत्येकात सनबोर्डचे सात कप्पे. पहिल्या बाकावरचा मुलगा एक डबी ठेवून खोका मागे पाठवतो, शेवटचा मुलगा तासाच्या शेवटी उलटा पाठवतो. दीड मिनिट. रिकामा कप्पा दिसला की कुठली डबी राहिली ते कळतं.

तासाच्या मध्यात लाइट गेली. प्रोजेक्टर बंद, पण लॅपटॉप आणि यूएसबीवरचा रिसीव्हर चालू. तेव्हापासून प्रश्न कार्डशीटवर स्केचपेननं लिहून ठेवतो. प्रोजेक्टर या कामाला लागतच नाही.

४ ऑगस्ट

दर सोमवारी रांगा बदलतात हे आम्ही विसरलो होतो. डबी क्रमांकापुढे नावं लिहिलेली यादी सकाळीच चुकीची झाली. नवी यादी करायला घेतली आणि मग सोडून दिली. नावं नकोतच. एका तासात डबीची बाजू बदलत नाही, तेवढं पुरेसं आहे: किती जण चुकीकडून बरोबरकडे गेले आणि किती बरोबरकडून चुकीकडे, हे निघतं. दुसरा आकडा जरूर बघा. तो पाचच्या वर गेला की बहुतेक वेळा प्रश्नाच्या शब्दांत घोळ असतो.

८ ऑगस्ट

अंतर्गत गुणांत बरोबर उत्तराला अर्धा गुण देऊन बघितला. दोन तासांत वर्ग बदलला. चर्चेच्या वेळी कुणी 'का' विचारेना, 'कुठलं' एवढंच विचारू लागली. मधल्या पट्टीवरून वाकून बघणं सुरू झालं. गुण रद्द केले आणि वर्गाला तसं स्पष्ट सांगितलं. पूर्ववत व्हायला आठवडा लागला.

प्रश्नांची भाषा: पाठ्यपुस्तक इंग्रजी, मुलांचं बोलणं मराठी. इंग्रजीत लिहिलेल्या प्रश्नावर चर्चा प्रश्नाच्या अर्थावरच संपते. आता वाक्य मराठीत आणि संज्ञा पुस्तकातल्या (फोर्स, करंट, रेझिस्टन्स) देवनागरीत. चुकीचे पर्याय आम्ही मनानं रचत नाही. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतली मुलांची वाक्यं उचलतो. शिक्षकानं रचलेला चुकीचा पर्याय कुणी निवडत नाही आणि चार पर्यायांचे दोनच उरतात.

जोड्यांबद्दल: बाकावरचे दोघं मित्र असतात आणि बऱ्याचदा एकच उत्तर देतात. म्हणून विषम क्रमांकाचे बाक मागे वळतात, चौघांचा गट होतो. सूचना एकच: 'वेगळं उत्तर दिलेला शोधा आणि त्याला पटवा.' वेळ दोन ते अडीच मिनिटं. तीनच्या पुढे मॅचच्या गप्पा सुरू होतात.

१३ ऑगस्ट

सहा डब्या मधेच मरू लागल्या. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो आणि सगळं शून्यावर. सेल मोजले तर २.८ व्होल्ट, म्हणजे अजून बरेच उरलेले.

कारण ब्राउन-आउट. प्रो मिनीत २.७ व्होल्टच्या खाली कंट्रोलर स्वतःला रीसेट करतो अशी नेमणूक असते. प्रक्षेपणाच्या क्षणी स्वस्त सेलचं व्होल्टेज तेवढं खाली जातं. रिसीव्हरमध्ये आहे तसा दुसरा आर्डुइनो नॅनो प्रोग्रामर म्हणून जोडून एक्सटेंडेड फ्यूज (कंट्रोलरच्या आतली कायमची नेमणूक) 'एफडी'चा 'एफई' केला, म्हणजे मर्यादा १.८ व्होल्ट. २८ डब्या उघडून करायला एक पूर्ण शनिवार जाईल. हे डबी बंद करण्याआधी करा. ८ मेगाहर्ट्झला कंट्रोलर साधारण २.४ व्होल्टपर्यंतच भरवशाचा असतो, म्हणून डबी २.४५ च्या खालचं व्होल्टेज कळवू लागली की सेल बदलतो. रिचार्जेबल सेल वापरायचा विचार सोडला. दोन मिळून २.४ व्होल्टच होतात.

२१ ऑगस्ट

पावसाळी दमटपणा. सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट थर, चार डब्या बंद. पॉलिश पेपरनं घासून पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवलं. खोके आता प्रयोगशाळेच्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

१० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर 'धाराविद्युत'. प्रश्न: एका सेलला दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले. सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब दुसऱ्यापेक्षा जास्त प्रकाशेल का? पहिलं मत: ५६ पैकी २३ जणांचं 'दोन्ही सारखे', बाकी बहुतेक 'पहिला जास्त'. कारण वर्गभर एकच: "पहिल्यानं करंट खाल्ला, दुसऱ्याला उरलेला." चर्चेनंतर ३९.

मग प्रत्यक्ष जोडून दाखवलं, आणि पहिला बल्ब खरोखरच जास्त पेटला. 'बघा, आम्ही म्हणत होतो' असा गलका झाला. जुन्या डब्यातले दोन बल्ब वरून सारखे दिसत होते, पण रेटिंग वेगळं होतं. त्याच क्षणी दोघांची जागा अदलाबदल केली. जास्त पेटणारा बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही जास्तच पेटला. म्हणजे फरक बल्बात आहे, जागेत नाही. तिसरं मत घेतलं: ५१. हा आकडा चर्चेचा नाही, अदलाबदलीचा आहे, म्हणून वहीत वेगळ्या रकान्यात लिहिला.

१२ सप्टेंबर

खर्च, रुपयांत. प्रो मिनी ३० नग ६,९००. रेडिओ ३८ नग ३,२३०. बटणं २४० नग १,४४०. डब्या १,२६०. सेलचे होल्डर ५०४. सेल ८९६. झीरो पीसीबी, कपॅसिटर, एलईडी, वायर, सोल्डर मिळून १,३५०. दोन्ही जिग ७००. रिसीव्हरचा नॅनो आणि रेडिओचा अडॅप्टर ४८०. यूएसबी-टीटीएल १५०. एकूण १६,९१०, म्हणजे मुलामागे सुमारे ३०२. तडकलेली झाकणं आणि फसलेलं लॅमिनेशन यात धरलेलं नाही. अडॅप्टर वगळू नका, नॅनोच्या ३.३ व्होल्ट पिनेवर रेडिओ भरवशानं चालत नाही.

एवढे पैसे नसतील तर चमक नसलेल्या कार्डशीटवरच्या पत्त्यांवर वर्ष काढता येईल. तासाला चार प्रश्नांऐवजी दोन होतील, पण वाद तितकाच होतो.

पुढच्या आठवड्यासाठी बल्ब नवीन आणले, १२ नग, एकाच पाकिटातले. प्रत्येक जोडी एकसरीत लावून, जागा बदलून, दोन्ही वेळा सारखी पेटते का ते तपासलं. पाच जोड्या जमल्या. त्यांना रंगीत चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवलं आहे, उरलेले दोन बल्ब बाजूला काढले.